पाऱ्याचा सेल मिळत नाही म्हणून कॅमेरा बाद होत नाही

बडोद्यात, दांडिया बाजारापासून फाइन आर्ट्स कॉलेजपर्यंत, जुन्या फिल्म कॅमेऱ्याची दुसरी बॉडी (लेन्सविना कॅमेरा) शोधणाऱ्या मराठी हौशी मंडळींना एक सल्ला हमखास मिळतो: पाऱ्याचा सेल लागणारी बॉडी घेऊ नका, कारण तो सेल आता बनत नाही. कारण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. १९६६ च्या मिनोल्टा एसआरटी १०१ मध्ये किंवा ऑलिंपस ओएम-१ मध्ये सेल केवळ प्रकाशमापकाला लागतो. शटर पूर्णपणे यांत्रिक असल्याने ते सेलशिवायही सर्व वेगांवर चालते. मापकाला हवे असलेले १.३५ व्होल्ट श्रवणयंत्राच्या ६७५ क्रमांकाच्या झिंक-एअर सेलमधून जवळपास मिळतात. मात्र तो आकाराने लहान असल्याने भोवती कडी बसवावी लागते आणि काही महिन्यांनी तो बदलावा लागतो. त्याऐवजी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला, तर मापक प्रकाश जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतात. हा गैरसमज बहुधा तिथूनच पसरला असावा. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मापकात ब्रिज सर्किट, म्हणजे व्होल्टेज थोडे बदलले तरी मापन फारसे न बदलू देणारी जोडणी, असल्याने तिथे ही अडचणही फारशी येत नाही. बेताच्या पैशांत घेताना, माझ्या मते, हाताशी असलेल्या लेन्सचा माउंट (बॉडीला लेन्स जोडण्याची जागा) जुळतो का आणि शटरचे संथ वेग अडखळतात का, हे आधी तपासावे.