नगर पथविक्रेता समिती

नगर पथविक्रेता समिती ही शहरातील पथविक्रीबाबत महापालिकेला किंवा नगरपालिकेला शिफारशी करणारी वैधानिक समिती आहे. रस्त्यावर कोणी, कुठे, कोणत्या वेळेत आणि कोणत्या अटींवर धंदा करायचा हे ठरवताना खुद्द विक्रेत्यांना त्या चर्चेत बसवणे, हे तिचे मुख्य प्रयोजन. ‘पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014’ या केंद्रीय कायद्याच्या कलम 22 मध्ये तिची तरतूद आहे. मुंबईचा फेरीवाला, पुण्याचा पथारीवाला, तालुक्याच्या गावातला हातगाडीवाला, डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणारी मासळीवाली हे सगळे या कायद्याच्या लेखी पथविक्रेतेच. शहराच्या कारभारात समित्या पुष्कळ असतात. झाडे तोडण्याच्या परवानगीसाठी वृक्ष प्राधिकरण असते, जुन्या इमारतींसाठी वारसा समिती असते. त्यांत नगरसेवक, अधिकारी, तज्ज्ञ बसतात. ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांनीच मतदान करून आपले प्रतिनिधी पाठवावेत, अशी सोय असलेली समिती विरळाच, आणि म्हणूनच तिचे महत्त्व मोठे आहे.

पार्श्वभूमी

हा कायदा येण्याआधी फेरीवाल्याचे भवितव्य महापालिकेच्या अतिक्रमण विभागाच्या गाडीवर आणि न्यायालयाच्या आदेशांवर अवलंबून होते. बॉम्बे हॉकर्स युनियनच्या याचिकेवर 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईत फेरीवाला क्षेत्रे आखण्याची दिशा दिली. 1989 मध्ये सोदान सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने पदपथावर विक्री करणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(छ) खालील व्यवसाय स्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील, असे म्हटले. हक्क मान्य झाला, पण निर्बंध कोण ठरवणार हा प्रश्न तसाच राहिला. ते ठरवत होते अधिकारी, आणि विक्रेत्याला निर्णय कळायचा तो माल उचलला गेल्यावर.

विक्रेत्यांच्या संघटनांनी हा प्रश्न सोडला नाही. अहमदाबादेत इला भट्ट यांनी 1972 मध्ये स्थापन केलेल्या ‘सेवा’ या संघटनेने माणेक चौकातल्या भाजीवाल्या बायकांसाठी दीर्घ लढा दिला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पथारीवाले संघटित झाले. 1998 मध्ये देशभरातील पथविक्रेता संघटनांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. या रेट्यामुळे 2004 मध्ये केंद्राने पथविक्रेत्यांसाठी राष्ट्रीय धोरण आणले आणि 2009 मध्ये ते सुधारले. नगर पथविक्रेता समितीची कल्पना या धोरणातलीच. पण धोरण पाळायचे की नाही हे राज्यांच्या मर्जीवर होते, त्यामुळे बहुतेक शहरांत ते कागदावर राहिले. 9 सप्टेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या प्रकरणात 2009 च्या धोरणाची अंमलबजावणी करून समित्या नेमण्याचे आदेश दिले. त्याच्या तीनच दिवस आधी लोकसभेने विधेयक मंजूर केले होते. राज्यसभेची मंजुरी 19 फेब्रुवारी 2014 रोजी मिळाली आणि 1 मे 2014 पासून कायदा अमलात आला.

रचना

समितीचा अध्यक्ष महापालिका आयुक्त किंवा नगरपालिकेचा मुख्याधिकारी असतो. एकूण सदस्यांपैकी किमान 40 टक्के पथविक्रेते असावे लागतात आणि ते विक्रेत्यांनी आपापसांत निवडून द्यायचे असतात. या विक्रेता सदस्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि दिव्यांग यांना योग्य प्रतिनिधित्व द्यावे, असे कायदा स्पष्टपणे सांगतो. किमान 10 टक्के जागा स्वयंसेवी आणि समुदाय संस्थांसाठी आहेत. उरलेल्या जागांवर वैद्यकीय अधिकारी, नियोजन प्राधिकरण, वाहतूक पोलीस, पोलीस, व्यापारी व बाजार संघटना, रहिवासी संघ आणि बँका यांचे प्रतिनिधी येतात. महाराष्ट्रात समिती 20 जणांची असून त्यांतले 8 निवडून आलेले विक्रेते असतात. मुंबईचा पसारा मोठा असल्याने तिथे सात परिमंडळांसाठी सात समित्या आणि त्यांच्यावर एक शिखर समिती अशी मांडणी केली आहे.

ही रचना करणाऱ्यांनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती. रस्त्यावरच्या व्यापारात सगळे विक्रेते सारखे नसतात. नाक्यावर पक्की जागा धरून बसलेला कपडेवाला आणि टोपलीत दहा जुड्या मेथी घेऊन कडेला टेकलेली म्हातारी यांची ताकद वेगळी. संघटनेचा पुढारी बहुधा पहिल्या गटातला असतो. स्त्रियांच्या वाट्याला बऱ्याचदा कमी वर्दळीची जागा, कमी भांडवल आणि नाशवंत माल येतो. स्वच्छतागृह जवळ नसेल तर दिवसभर पाणी न पिता धंदा करावा लागतो. ही अडचण पुरुषांनी भरलेल्या बैठकीत कोणी मांडत नाही. जागा राखून ठेवल्या नसत्या तर निवडणुकीतून सबळ विक्रेतेच वर आले असते.

अधिकार आणि कामकाज

समिती सल्लागार स्वरूपाची असली तरी तिचा सल्ला टाळून पुढे जाणे महापालिकेला कायद्याने अवघड केले आहे. दर पाच वर्षांनी पथविक्रीचा आराखडा करायचा असतो. तो नियोजन प्राधिकरणाशी विचारविनिमय करून आणि समितीच्या शिफारशींवरून करावा, असे कलम 21 म्हणते. सार्वजनिक कामासाठी एखादा भाग ना-फेरीवाला क्षेत्र ठरवून तिथल्या विक्रेत्यांना हलवायचे असेल तरी समितीची शिफारस लागते. हलवण्यापूर्वी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. विक्रेत्यांचे सर्वेक्षण समितीनेच करायचे असते, आणि ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा असतो. तक्रारींसाठी वेगळी समिती आहे. तिच्या अध्यक्षपदी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेली व्यक्ती असते, म्हणजे महापालिकाच फिर्यादी आणि तीच न्यायाधीश असे होत नाही.

आराखड्याबाबतची पहिली अनुसूची फार कमी लोक वाचतात, पण समितीतल्या विक्रेत्याने ती पाठ करावी इतकी ती मोलाची आहे. वर्षानुवर्षे जिथे विक्रेते आणि गिऱ्हाइके आपसूक जमतात असा नैसर्गिक बाजार सर्वेक्षणात नोंदला गेला, की तो ना-फेरीवाला क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. केवळ गर्दी होते म्हणून एखादा भाग बंद करता येत नाही. अस्वच्छतेचे कारण द्यायचे तर ती घाण फक्त विक्रेत्यांमुळेच होते आणि महापालिकेला ती आवरता येणे शक्य नाही, हे दाखवावे लागते. शहरांत विक्रेत्यांना हटवण्यासाठी नेहमी हीच दोन कारणे पुढे केली जातात. त्यामुळे बैठकीत कोणी ‘इथे फार गर्दी होते’ असे म्हटले, की विक्रेता प्रतिनिधी या तरतुदीवर बोट ठेवू शकतो.

दादरचा फुलबाजार नैसर्गिक बाजार म्हणजे काय हे समजायला पुरेसा आहे. पहाटे अंधारात झेंडू, शेवंती, गुलछडीची पोती उतरतात, पुलाखाली आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत उलाढाल सुरू होते, आणि उपनगरांतले हारवाले माल घेऊन पहिल्या गाड्यांनी परततात. अकरा वाजता सर्वेक्षणाला आलेल्या कर्मचाऱ्याला तिथल्या कित्येक विक्रेत्यांच्या जागी दुसराच कोणी बसलेला दिसेल. वेळेची वाटणी करून एकच जागा दोघांनी वापरण्याची सोय कायद्याने ठेवली आहे, पण ती आराखड्यात उतरवायची तर जागेवर कोण केव्हा असते हे ठाऊक असलेला माणूस समितीत हवा. वाहतूक पोलिसाला चौकातली कोंडी माहीत असते, वैद्यकीय अधिकाऱ्याला गटार. माल कुठून उतरतो, दुपारी सावली कुठे पडते, बसमधून उतरलेला माणूस कोणत्या बाजूने चालतो हे विक्रेत्यालाच माहीत असते.

प्रत्यक्षात बैठक कामाच्या वेळेत महापालिकेच्या सभागृहात होते. कार्यक्रमपत्रिका नियमांच्या भाषेत असते, नकाशे नगररचना विभागाचे असतात. ज्या विक्रेत्याने आयुष्यभर अधिकाऱ्यांसमोर हात जोडले, तो त्याच अधिकाऱ्यांच्या शेजारी बसून एकदम ठामपणे बोलेल अशी अपेक्षा करणे अवाजवी आहे. त्या दिवसाचा धंदाही बुडतो; भत्त्याची तरतूद कायद्यात आहे ती म्हणूनच. जिथे संघटनेने आधी वस्तीत, बाजारात बैठका घेऊन मुद्दे ठरवले आणि प्रतिनिधीला नकाशा वाचायला शिकवले, तिथे समितीचे कामकाज बदलते. लोकसहभाग हा सभागृहाबाहेर, बाजारातच सुरू व्हावा लागतो.

सर्वेक्षणाचा पेच

कायद्यात एक गाठ सुरुवातीपासून आहे. सर्वेक्षण समितीने करायचे आणि समितीतले विक्रेता सदस्य तर नोंदणी झालेल्या विक्रेत्यांनी निवडायचे. म्हणजे यादी नाही तर निवडणूक नाही, आणि निवडणूक नाही तर रीतसर समितीही नाही. अनेक शहरांनी तात्पुरत्या, नेमलेल्या समित्यांवर वेळ निभावली. सर्वेक्षण मग अधिकाऱ्यांच्या हातात राहिले आणि समतेच्या ज्या तरतुदी कायद्याने एवढ्या काळजीने लिहिल्या, त्या लागू होण्याआधीच कोण आत आणि कोण बाहेर हे ठरून गेले.

मुंबईत याचे परिणाम आकड्यांतच दिसतात. 1990 च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या एका गणनेत महापालिकेच्या जागेवर एक लाखाहून अधिक फेरीवाले आढळले होते. 2014 च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार अर्ज आले. छाननीनंतर समितीच्या निवडणुकीसाठी जी मतदारयादी झाली तीत सुमारे 32 हजार नावे होती. कायद्यात प्रभाग, परिमंडळ किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के विक्रेत्यांना सामावून घेण्याचे प्रमाण दिले आहे. 2011 च्या जनगणनेतल्या सुमारे 1 कोटी 24 लाख लोकसंख्येला ते लावले तर तीन लाखांहून जास्त विक्रेते बसतात. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी व्हायला हवे, पण 29 ऑगस्ट 2024 रोजी जे मतदान झाले त्याचा आधार दहा वर्षांपूर्वीचेच सर्वेक्षण होते. वगळलेल्यांना मताधिकार मिळावा म्हणून संघटना उच्च न्यायालयात गेल्या आणि मतदान होऊनही निकाल लगेच जाहीर झाला नाही.

यादीतून नाव गळते ते बहुधा कागदांमुळे. महाराष्ट्राच्या योजनेतली अधिवास प्रमाणपत्राची अट स्थलांतरित विक्रेत्यांना आडवी येते, पण त्यांनाच नव्हे. लग्न होऊन नाव बदललेल्या, शाळेचा दाखला नसलेल्या, सासरच्या शिधापत्रिकेवर नाव असलेल्या मराठी बाईलाही हे कागद जमवताना नाकी नऊ येतात. विक्रेत्याचा मृत्यू झाल्यास किंवा त्याला कायमचे अपंगत्व आल्यास प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या अपत्याला त्याच्या जागी विक्री करता येण्याची तरतूद आहे. मात्र प्रमाणपत्रच नसेल तर ती निरुपयोगी ठरते. फिरता विक्रेता तर सर्वेक्षणात हमखास निसटतो. समानतेची खरी कसोटी इथे आहे, आणि समितीच्या जागावाटपाइतकीच काळजी गणनेच्या पद्धतीबद्दल घेतली जायला हवी होती.

विरोध आणि मर्यादा

समितीबद्दल रहिवासी संघांची तक्रार असते की पदपथ चालणाऱ्यांचा आहे आणि त्यांचा आवाज दबतो. ही तक्रार क्षुल्लक नाही. म्हाताऱ्या माणसाला किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तीला पदपथ मोकळा मिळणे हाही समतेचाच मुद्दा आहे. रहिवाशांना समितीत जागा दिली आहे ती त्यासाठीच. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसाठी रेल्वे स्थानक आणि मंडईपासून 150 मीटर, तर प्रार्थनास्थळ, शाळा, रुग्णालय यांपासून 100 मीटर अंतराची अट घातली होती. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत 23 जण दगावल्यानंतर स्थानकांबाहेरच्या फेरीवाल्यांविरुद्ध मोठी मोहीम निघाली आणि उच्च न्यायालयानेही ही अंतरे कायम ठेवली. मुंबईत गिऱ्हाईक सापडते ते मुख्यतः स्थानकाबाहेरच, त्यामुळे अंतराचा नियम आणि नैसर्गिक बाजाराचे संरक्षण यांच्यात ताण आहे. शिवाय रेल्वेच्या मालकीच्या जागेला आणि गाड्यांना हा कायदा लागूच नाही. लोकलच्या डब्यात कानातली आणि क्लिपा विकणाऱ्या बाईला या समितीकडे दाद मागता येत नाही.

देशात इतरत्र चित्र एकसारखे नाही. भुवनेश्वरने कायदा होण्याआधीच संघटनांशी बोलून आखीव विक्री क्षेत्रे उभारली. दिल्लीत एकाच समितीऐवजी भागवार अनेक समित्या नेमल्या. महाराष्ट्राने नियम 2016 मध्ये आणि योजना 2017 मध्ये काढली.

1 जून 2020 रोजी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी कर्ज योजनेने समितीला एक नवे काम दिले. सर्वेक्षणात सुटलेल्या विक्रेत्यालाही नागरी संस्थेचे किंवा नगर पथविक्रेता समितीचे शिफारसपत्र आणले की तारणाशिवाय कर्ज मिळू लागले. कर्जाचा पहिला टप्पा 10 हजार रुपयांचा होता, 2025 च्या फेररचनेत तो 15 हजार झाला आणि योजनेची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढली. यादीबाहेरच्या विक्रेत्याच्या हाती सरकारी शिक्क्याचा पहिला कागद अनेक ठिकाणी याच शिफारसपत्राच्या रूपाने आला. त्या कागदाने धंद्याची जागा मात्र मिळत नाही. जागेसाठी विक्री प्रमाणपत्रच लागते, आणि त्यासाठी नवे सर्वेक्षण.