साखरेचं वावडं

१९५६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात चेंबर्स आणि प्रॅट या दोन डॉक्टरांनी एका २४ वर्षांच्या तरुणीची हकीकत छापली. फळं किंवा साखर पोटात गेली की तिला मळमळायचं, पोटात दुखायचं, भोवळ यायची. ग्लुकोजने मात्र काही व्हायचं नाही. साखर सोसत नाही पण ग्लुकोज चालतं, हे ऐकायला जरा लहरीपणाचंच वाटतं. शेवटी दोन्ही गोडच की! पण तिची तक्रार अक्षरशः खरी होती. तपासणीत दोषी ठरलं ते फ्रुक्टोज. साखरेचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. त्या जोडीतल्या नेमक्या कुणाशी आपलं पटत नाही, हे तिच्या शरीराने प्रयोगशाळेच्या आधी ओळखलं होतं.

पुढच्याच वर्षी झुरिचमध्ये फ्रॉश, प्राडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाच प्रकार एका कुटुंबातल्या अनेकांमध्ये सापडला. त्यामुळे आजाराच्या नावात ‘आनुवंशिक’ हा शब्द आला. मराठीत आपण त्याला आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता म्हणतो, डॉक्टर मंडळी ‘एचएफआय’वर भागवतात. मला दोन्ही नावं फारशी आवडत नाहीत. ‘असहिष्णुता’ म्हटलं की अग्रलेख आठवतो. आपल्याकडे ‘वावडं’ हा इतका नेमका शब्द असताना तो वैद्यकाने का उचलला नाही, कोण जाणे.

आता थोडं पेशीच्या आत जाऊ, कारण आजाराची सगळी खुबी तिथे आहे.

फ्रुक्टोज आतड्यातून रक्तात येतं आणि त्यातलं बरंचसं यकृताच्या पेशी उचलतात. तिथे त्याच्यावर दोन कामं होतात. पहिलं एन्झाइम, फ्रुक्टोकायनेज, त्याला फॉस्फेटचा एक गट चिकटवतं. दाव्याला बांधल्यासारखं फ्रुक्टोज मग पेशीबाहेर निसटू शकत नाही. दुसरं एन्झाइम, अल्डोलेज बी, या बांधलेल्या रेणूचे दोन तुकडे करतं. तुकडे पुढच्या कामाला लागतात आणि फॉस्फेट मोकळं होत राहतं. एचएफआय असलेल्यांमध्ये दुसरं एन्झाइम काम करत नाही किंवा अगदीच मंद काम करतं. बेल्जियममध्ये हेर्स आणि जोआसँ यांनी रुग्णांच्या यकृताच्या तुकड्यात ही उणीव १९६१ साली दाखवून दिली.

गंमत अशी की पहिल्या एन्झाइमला याचा पत्ताच नसतो. ते विलक्षण वेगवान आहे, आणि पुढे माल तुंबला म्हणून थांबायचं त्याला ठाऊक नाही. फ्रुक्टोज येत राहतं, ते बांधत राहतं. बांधायला लागणारं फॉस्फेट येतं एटीपीतून, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनातून. काही मिनिटांत पेशीतलं मोकळं फॉस्फेट त्या अर्धवट रेणूंमध्ये अडकून पडतं आणि एटीपी खाली येतो. एटीपी खर्चून उरलेला कचरा युरिक आम्लाच्या रूपाने रक्तात वाढतो. रक्तातलं फॉस्फेट घसरतं. आणि मग ते होतं, जे पहिल्यांदा वाचताना मला छपाईची चूक वाटली होती: साखर खाल्ल्यावर रक्तातली साखर उतरते.

उतरते, कारण यकृताच्या कोठारात ग्लायकोजेनच्या रूपाने ग्लुकोज भरलेलं असूनही कोठाराचं दार उघडत नाही. ग्लायकोजेन फोडायला मोकळं फॉस्फेट लागतं, ते संपलेलं असतं. वर तो साचलेला रेणू दाराची कडीही धरून बसतो. नवं ग्लुकोज तयार करण्याचा दुसरा मार्गही तोच अडवतो. एरवी साखर उतरली की ग्लुकागॉन हे संप्रेरक कोठाराला हाक मारतं. इथे हाक पोचते, पण दार उघडत नाही. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्ध हरपते, कधी झटके येतात. अल्डोलेज बी हे एन्झाइम मूत्रपिंडात आणि लहान आतड्यातही लागतं, त्यामुळे उलट्या आणि पोटदुखी आहेच, शिवाय लघवीतून नको ती द्रव्यं वाहून जायला लागतात. हे महिनोन्‌महिने चालू राहिलं तर बाळाची वाढ खुंटते आणि यकृत निकामी होऊ शकतं.

याच मार्गावर पहिलं एन्झाइम नसलेली माणसंही जगात आहेत. त्यांच्या बाबतीत फ्रुक्टोज बांधलंच जात नाही, थोडं लघवीतून निघून जातं, बाकीचं इतर वाटांनी हळूहळू वापरलं जातं, आणि माणूस ठणठणीत राहतो. म्हणजे पहिली पायरी नसेल तर काही बिघडत नाही, दुसरी नसेल तर जिवावर बेततं. यातून एक कल्पना निघाली: एचएफआय असलेल्यांची पहिली पायरीही मुद्दाम बंद केली तर? उंदरांवर हे करून पाहिलं गेलं. अल्डोलेज बी नसलेल्या उंदरांमध्ये फ्रुक्टोकायनेजचं जनुकही काढून टाकलं, तर ते फ्रुक्टोजच्या तडाख्यातून वाचले, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. फ्रुक्टोकायनेजला आवर घालणारी औषधं मेदयुक्त यकृतासाठी तपासली गेली आहेतच, त्यामुळे या रुग्णांच्या आशा वाढल्या आहेत. आजघडीला मात्र उपाय एकच: टाळणं.

टाळायचं काय, हे कळायच्या आधीचे दिवस सगळ्यात वाईट. आईच्या दुधावर बाळ छान असतं, कारण दुधातली लॅक्टोज ही ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची जोडी. तिथे फ्रुक्टोजचा संबंध नाही. मग वरचं अन्न सुरू होतं. आई कौतुकाने कुस्करलेलं फळ चमच्यावर घेते. पहिला चमचा आत जातो, दुसराही. थोड्या वेळात बाळ पांढरंफटक पडतं, घामाने डवरतं, ओकतं, मलूल होऊन खांद्यावर मान टाकतं. घरच्यांना वाटतं, पचलं नसेल. दोन दिवसांनी पुन्हा तेच. महिनाभरात चमचा दिसला की बाळ ओठ घट्ट मिटून मान फिरवतं, आणि मग सुरू होतो तो प्रेमळ छळ: नाकं दाबणं, गाणी म्हणणं, हट्टी म्हणून शिक्का मारणं. त्यात खाल्लेलं अंगी न लागणारं हे मूल अशक्त दिसतं म्हणून टॉनिक आणलं जातं. टॉनिक अर्थातच गोड असतं.

जी मुलं या काळातून तरतात, ती स्वतःचं पथ्य स्वतः ठरवतात. गोडाचा तिटकारा हे या आजाराचं इतकं ठळक लक्षण आहे की अनेकांचं निदान मोठेपणी त्यावरूनच होतं. दुसरी खूण तोंडातच असते. साखरेला जन्मभर लांब ठेवल्यामुळे पुष्कळ प्रौढ रुग्णांच्या दातांना एकही कीड नसते. चाळिशीतल्या माणसाचे स्वच्छ दात आणि ‘मी गोड खातच नाही’ हे वाक्य एकत्र आलं, तर दंतवैद्याने ‘का?’ एवढं विचारावं.

आता पथ्याबद्दल, कारण ‘साखर सोडली की झालं’ असं बहुतेकांना वाटतं. एक चमचा साखर सुमारे ४ ग्रॅमची, त्यात फ्रुक्टोज २ ग्रॅम. अनेक आहारतज्ज्ञ प्रौढ रुग्णाला दिवसभरात जेवढी मुभा देतात, ती याहून कमी असते. मग मध गेला, फळं गेली, गोडसर भाज्या गेल्या. राहिलं काय? भात, पिठूळ बटाटा, दूध, अंडी, मासे, मांस, काही पालेभाज्या. आणि गोड हवंच असेल तर शुद्ध ग्लुकोज. फळं नाहीत म्हणून क जीवनसत्त्व वेगळं घ्यावं लागतं, आणि ती गोळीही बिनसाखरेची शोधावी लागते.

खरा गनिम मात्र सॉर्बिटॉल. हा नावाने साखर नाही, पण शरीरात त्याचं फ्रुक्टोजच होतं. माझ्या टेबलावर आत्ता एक टूथपेस्टची ट्यूब आहे. पाठीमागच्या बारीक अक्षरांत दुसऱ्याच जागी सॉर्बिटॉल. तापाच्या सिरपात तो, खोकल्याच्या औषधात तो, च्युइंगगममध्ये तो, खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर कधी नुसता ४२० या आकड्याआड लपलेला. ‘शुगर फ्री’ हे दोन शब्द मधुमेह्याला दिलासा देतात. एचएफआय असलेल्याने तेच वाचून सावध व्हायचं असतं. बाळाला तोंडावाटे देतात त्या रोटाव्हायरस लसीच्या काही प्रकारांतही साखर असते. तिचा पहिला डोस देतात दोन-तीन महिन्यांच्या आत, म्हणजे आजाराचा कुणाला संशयही आलेला नसताना. घरात आधी रुग्ण असेल तर डॉक्टरांना लसीच्या वेळीच सांगायला हवं.

शिरेतून फ्रुक्टोज गेलं तर गोष्ट आणखी गंभीर. एकेकाळी काही युरोपीय देशांत, विशेषतः जर्मनीत, शस्त्रक्रियेनंतर फ्रुक्टोज किंवा सॉर्बिटॉलचं द्रावण सलाइनसारखं लावत. निदान न झालेले काही रुग्ण त्यात दगावले. २०१७ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी शिरेतून द्यायच्या अशा औषधांच्या माहितीपत्रकात कडक इशारा घालायला लावला. दोन वर्षांखालच्या बाळाचं निदान कदाचित झालेलंच नसेल, हेही त्यात स्पष्ट म्हटलं. म्हणून रुग्ण खिशात कार्ड बाळगतात. ते नसेल तर काय होऊ शकतं, याची कल्पना करा. रस्त्यात एकाला भोवळ येते. कुणी भला माणूस म्हणतो, साखर उतरली असणार, आणि सरबताचा पेला त्याच्या तोंडाला लावतो. निदान बरोबर, उपचार जीवघेणा.

हा आजार साधारण वीस ते तीस हजारांत एकाला. म्हणजे बहुतेक डॉक्टरांना अख्ख्या कारकिर्दीत एकही रुग्ण भेटत नाही, आणि रुग्णाला दुसरा रुग्ण भेटत नाही. असं असताना दोन एचएफआयवाले एकमेकांना सापडले की जे बोलणं होतं, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही. कुठल्या गोळीवर साखरेचं कवच असतं, शाळेच्या डब्याबरोबर चिठ्ठी कशी लिहायची, वाढदिवसाच्या केकला ‘नको’ म्हटल्यावर ‘एवढ्याशाने काय होतं’ याला काय उत्तर द्यायचं. आणि मुख्य म्हणजे, हे आपल्या मनाचे खेळ नव्हते, हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मिळतं. वर्षानुवर्षं ‘नखरेल’ हे विशेषण वागवलेल्या माणसाला त्याचं मोल विचारा.

पण या देवाणघेवाणीत दोन खड्डे आहेत. पहिला नावाचा. फ्रुक्टोज आतड्यात नीट शोषलं न गेल्याने पोट फुगणं, गॅस, जुलाब होणं हा वेगळाच आणि खूप जास्त आढळणारा त्रास आहे. तोही बोलताना ‘फ्रुक्टोज सोसत नाही’ असाच सांगितला जातो. त्या मंडळींना थोडं फळ चालतं, ग्लुकोजबरोबर घेतलं तर आणखी सोसतं. हा सल्ला एचएफआय असलेल्याने उचलला तर घात. त्या त्रासासाठी भरपूर फ्रुक्टोज पाजून श्वासातला हायड्रोजन मोजण्याची चाचणी करतात. एचएफआयची शंका असलेल्याला ती करायचीच नसते. जनुकाची तपासणी आता सोपी झाली आहे. १९८८ मध्ये अल्डोलेज बीच्या अमिनो आम्लांच्या साखळीत १४९व्या जागी अलानिनऐवजी प्रोलिन आलेला बदल सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत तोच सर्वांत जास्त आढळतो, बाकी बदल डझनावारी आहेत.

दुसरा खड्डा ‘मला तर काही होत नाही’ या वाक्याचा. एखादी म्हणते, मी टोमॅटो खाते, बरी असते. ती खोटं बोलत नाही. पण यकृत दुखून ओरडत नाही, आणि रोज थोडंथोडं जाणारं फ्रुक्टोज ओकारी न आणताही आपलं काम करत राहतं. साचलेला तो रेणू प्रथिनांवर साखरेचे धागे जोडण्याचं कामही बिघडवतो. ट्रान्सफेरिन या रक्तातल्या प्रथिनावर ते दिसतं, त्यामुळे पथ्य कितपत पाळलं जातंय हे रक्त तपासून ताडता येतं. जिभेने १९५६ आधीच आजार ओळखला होता, हे खरं; पण किती ग्रॅमपर्यंत चालेल हे जीभ सांगू शकत नाही. म्हणून युक्त्या एकमेकांच्या घ्याव्यात, मापं आपापल्या डॉक्टरांची.

एकाच घरात हे अगदी समोर दिसतं. आई-वडील दोघंही वाहक असतात, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत बाळगून असतात, पण दोघंही ठणठणीत. प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. धाकट्याचं निदान होतं, मग थोरल्या बहिणीचं रक्त तपासतात. तिला कधी झटका आलेला नसतो, दवाखान्याची पायरीही चढलेली नसते. फक्त ती लहानपणापासून फळं शेजारच्या मुलीला देऊन टाकायची आणि यावरून घरात तिची चेष्टा व्हायची. अहवाल हातात आल्यावर आई पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारत नाही, मुलीला विचारते: तुला कसं कळलं होतं गं?