उताराचा गडी कधी थांबतो?

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट सायकलने चढून गेलं की गावात नाव होतं. फोटो निघतात, कोणी चहा पाजतो. तोच घाट उतरून आलेल्याला मात्र कोणी विचारत नाही. "उतारावर त सायकल आपोआपच जाते ना बाप्पा, त्यात कायची बहादुरी?" असा आपल्याकडचा हिशेब. वरवर पाहता तो खोटाही नाही. गुरुत्वाकर्षणाला पैसे पडत नाहीत. पण या फुकटच्या बळावरच जगात एक शर्यत चालते. तिचं नाव डाउनहिल. डोंगरमाथ्यावरून एकेका स्वाराला सोडतात, घड्याळ लावतात आणि गोटे, झाडांची मुळं, चिखल आणि कडे ओलांडत जो सगळ्यात कमी वेळात खाली येईल तो जिंकतो. पॅडल मारणं त्यात थोडंच. बाकी सगळा खेळ पडू न देण्याचा.

या खेळातला लोकांच्या फार जिव्हाळ्याचा माणूस म्हणजे इंग्लंडातल्या शेफील्डचा स्टीव्ह पीट. जन्म 1974 चा. विश्वचषकाच्या 17 शर्यती त्याने जिंकल्या. 2002, 2004 आणि 2006 साली पूर्ण हंगामाचा चषकही त्याचाच. जागतिक अजिंक्यपद, म्हणजे वर्षातून एकदाच होणारी वेगळी शर्यत, मात्र त्याला हुलकावणी देत राहिलं. चार वेळा तो दुसरा आला. 2004 साली फ्रान्समधल्या ले जे इथे तर शेवटची रेषा समोर दिसत असताना घसरला. अखेर 2009 साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो जिंकला. अडीच मिनिटांच्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकाच्या ग्रेग मिनारपेक्षा तो फक्त 0.05 सेकंदाने पुढे होता, आणि मिनार त्याच्याच संघातला. ताशी 50 किलोमीटर वेग धरला तर एवढ्या वेळात सायकल जाते सत्तर सेंटिमीटरही नाही. म्हणजे त्या काळच्या 26 इंची चाकाच्या व्यासाएवढं अंतर.

2016 चा हंगाम संपला आणि पीटने विश्वचषकाच्या शर्यती सोडल्या. वय बेचाळीस.

"वय झालं" म्हणून आपण हा विषय संपवतो. मला तेवढ्यावर थांबवत नाही. वय झालं म्हणजे शरीरातलं नेमकं काय झालं? ताकद गेली, नजर मंदावली, की भीती शिरली? माझं मत आधीच सांगतो: यातलं काहीही पहिलं कारण नसतं. उताराचा गडी थांबतो तो दुरुस्तीच्या हिशेबामुळे. पण तिथवर जायला उतार समजून घ्यावा लागतो.

स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमचा रस्ता या खेळात नावाजलेला आहे. 2005 साली पीट तिथेही जिंकला होता, घरच्यासारख्या गर्दीसमोर. लांबी जेमतेम 2.8 किलोमीटर आणि तेवढ्यात उतरायचं 555 मीटर. आपला चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1118 मीटरवर. तिथून परतवाड्यापर्यंत आपण जवळजवळ सातशे मीटर उतरतो, पण त्यासाठी घाटाला तीसेक किलोमीटर लागतात. फोर्ट विल्यमला तर पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली, असं चालू राहतं. स्वार आणि सायकल मिळून 100 किलो धरले तर खाली येईपर्यंत सुमारे 5 लाख 40 हजार जूल ऊर्जा सुटते. पावणेदोन लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी. चांगल्या स्वाराला हा उतार पार करायला साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात ही ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते, कारण जी जिरली नाही ती वेग बनून झाडावर नेऊन आदळते. काही हवा खाते, काही टायर आणि माती, बरीचशी ब्रेकच्या डिस्कमध्ये जाते (शर्यत संपल्यावर डिस्कला हात लावला तर फोड येतो). आणि काही भाग शॉकअपमधल्या तेलात.

शॉकअप म्हणजे स्प्रिंग, असं आपण समजतो. चांदूर बाजारच्या एका गॅरेजात मोटारसायकलचा पुढचा फोर्क उघडताना पाहत होतो. गाडी पांदण रस्त्यावर वर्षानुवर्षं चाललेली, दुधाचे कॅन वाहणारी. ऑईलसील फाटलं होतं, नळीवर काळपट तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा थर बसलेला. मिस्त्रीने उघडायच्या आधी हँडल दाबून सोडलं. गाडीचं तोंड खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली, पुन्हा वर. "ऑईल गेलं भाऊ," तो म्हणाला. "आता नुसती स्प्रिंगच उरली. ते त फेकूनच देते माणसाले."

सगळं शास्त्र त्यात आलं. स्प्रिंग धक्का घेते, पण घेतलेला धक्का परतही करते. ऊर्जा तिच्यात मुरत नाही. ती मुरवतं तेल. धक्का बसला की तेल बारीक छिद्रांतून रेटलं जातं, घर्षणाने तापतं, आणि उसळी उष्णता होऊन निघून जाते. छिद्र फार बारीक असेल तर शॉकअप दगडासारखा कडक. मोठं असेल तर चाक जमीन सोडून उडत राहतं. आणि हवेत असलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळता येतं. डाउनहिलच्या सायकलला पुढे-मागे सुमारे 200 मिलिमीटर दबणारे शॉकअप असतात. त्यांचा पहिला उपयोग चाक मातीला चिकटवून ठेवणं. आराम नंतर.

तरीही सगळे धक्के सायकल खात नाही. उरलेले माणसाला खावे लागतात. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, धुरकरी (जोडी हाकणारा) रेंगीवर, त्या हलक्या गाडीवर, गुडघे वाकवून, अंग सैल सोडून तोल धरतो, तसाच डाउनहिलचा स्वार सीटवर न बसता पॅडलवर उभा असतो: गुडघे वाकलेले, कोपरं बाहेर. मांड्या आणि दंड मिळून त्याचा दुसरा शॉकअप होतो. फरक एवढाच की या शॉकअपात तेल नाही, स्नायू आहेत, आणि धक्का जिरवताना ते ताणले जात असताना जोर लावतात. स्नायूंच्या तंतूंना सगळ्यात जास्त इजा याच प्रकारच्या कामात होते. डोंगर चढून आल्यावर नाही, उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, ते यामुळेच. मेळघाटातल्या कोणालाही विचारा.

हातांची गोष्ट आणखी अवघड. हँडल सोडता येत नाही, ब्रेकवरचं बोट सोडता येत नाही. मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू एका न ताणणाऱ्या पडद्याच्या पिशवीत बांधलेले असतात. मूठ सतत आवळलेली राहिली की त्या पिशवीत दाब वाढतो, आलेलं रक्त परत जायला वाट मिळत नाही आणि हात भरून येतात. शर्यतीच्या शेवटच्या मिनिटात बोटांत ब्रेक ओढायचंही बळ उरत नाही. वरून कंप आहेच. हातांना बसणाऱ्या कंपाबद्दल युरोपात कामगारांसाठी कायदेशीर मर्यादा आहे: आठ तासांच्या दिवसाला सरासरी 5 मीटर प्रति सेकंद वर्ग. या हिशेबात कंप दुप्पट झाला तर मुभा चौथ्या हिश्शावर येते, चौपट झाला तर सोळाव्या. म्हणजे 20 च्या कंपात दिवसभराचा कोटा अर्ध्या तासात संपतो. नियम ड्रिल आणि ग्राइंडर चालवणाऱ्यांसाठी केलेला आहे. खेळाडूंना तो लागू नाही. शरीराला मात्र आपण कामावर आहोत की खेळात, हे कळत नाही.

आता डोळे. समोर काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत तरण्याताठ्या माणसालाही जवळपास पाव सेकंद लागतो. ताशी 50 च्या वेगाने तेवढ्यात सायकल साडेतीन मीटर पुढे गेलेली असते. चाकाखालच्या गोट्यावर कोणीच प्रतिक्रिया देऊ शकत नाही. तो गोटा कधीचाच मागे पडलेला असतो. म्हणून स्वार चाकाकडे बघतच नाही, पुढच्या वळणाच्या तोंडाकडे बघतो. शर्यतीआधी हे लोक सगळा उतार पायी चालून काढतात, एकेका मुळाशी थांबतात, कुठून चाक न्यायचं ते ठरवतात. मग सरावात तेच अंगात भिनवतात. प्रत्यक्ष शर्यतीत मेंदू उतार पाहत नसतो; तो आधीच ओळखून बसलेला असतो आणि अंदाज चुकला तिथेच फक्त दुरुस्ती करतो. लहान मेंदूचं हे खास काम. एवढं डोकं हलत असताना दृश्य स्थिर कसं राहतं, हा प्रश्न पडला पाहिजे. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या आहेत. डोकं जिकडे हललं त्याच्या उलट डोळे फिरवायचा हुकूम त्या सेकंदाच्या शंभराव्या भागात देतात, आपल्याला विचारतही नाहीत.

वयाचा परिणाम या सगळ्यावर सारखा होत नाही, आणि खरी गंमत इथे आहे. विशी सरली की प्रतिक्रियेचा वेळ वाढत जातो, पण दहा वर्षांत वाढतो तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागांनी. उताराची ओळख मात्र दरवर्षी पक्की होत जाते, म्हणून इथे तोटा भरून निघतो. तिशीनंतर सर्वसाधारण माणसाचे स्नायू दर दहा वर्षांत 3 ते 8 टक्के घटतात, आणि झटक्यात जोर लावणारे तंतू आधी जातात. पण व्यायाम करणारा हे पुष्कळ लांबवू शकतो. नुसतं वयच आडवं येत असतं तर ग्रेग मिनार 2021 साली, वयाच्या 39 व्या वर्षी, इटलीत पुन्हा जगज्जेता झाला नसता. रेचल अ‍ॅथर्टन लेकरू झाल्यावर परतली आणि 2023 साली पस्तिशीत स्वित्झर्लंडमध्ये विश्वचषकाची शर्यत जिंकली, तेही घडलं नसतं.

ज्याची भरपाई होत नाही ते म्हणजे मोडल्यावर जुळण्याचा वेग. या खेळात पडणं ठरलेलंच. सायकलवरून पडणारा माणूस बहुतेक वेळा खांद्यावर येतो आणि सगळा जोर हासळीच्या हाडातून छातीकडे जातो. हे हाड इंग्रजी एस अक्षरासारखं वळणदार. वळण बदलतं त्या मधल्या भागात ते बारीक असतं आणि बहुतेक वेळा तिथेच मोडतं. मोठ्या माणसात ते जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे. विश्वचषकाचा अख्खा हंगाम काही महिन्यांचा, त्यात मोजक्या फेऱ्या. विशीतला पोरगा एक फेरी चुकवून परत येतो. वय वाढतं तसं हाडाच्या आवरणातल्या आणि स्नायूंतल्या नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी मंदावतात, रक्तपुरवठा उशिरा पोचतो. तीच मोड जास्त दिवस मागते. बसून घालवलेल्या दिवसांत कमावलेला स्नायू वितळतो, आणि तो परत कमवायलाही आता आधीपेक्षा जास्त वेळ. मोड नसली तरी सोमवारचं अंग शुक्रवारपर्यंत मोकळं होत नाही, म्हणून सराव कमी. सराव कमी म्हणजे ती पक्की ओळखही उसवत जाते. गणित इथे उलटतं.

डोक्याचा मार वेगळाच. हेल्मेटमुळे कवटी वाचते, पण आतला मेंदू पातळ द्रवात आहे. डोकं झटक्यात गरकन फिरलं की मेंदूतले लांब तंतू ताणले जातात. त्याला ना प्लास्टर, ना रॉड. आधीचा मार पुरता भरून येण्याआधी दुसरा बसला तर फार महागात पडतो. खेळाडूंनी थांबण्याचा निर्णय घेताना हे मनात धरलं तर त्याला भित्रेपणा म्हणणारे लोक मला नेहमी कट्ट्यावर बसलेलेच दिसले आहेत.

पीट सायकलपासून तुटला नाही. आपल्या जुन्या संघातल्या पोरांना उतार वाचायला शिकवण्याचं काम त्याच्याकडे राहिलं. साहजिक आहे; जे शाबूत होतं तेच तो वापरत राहिला. आपल्याकडेही पट सोडलेला म्हातारा धुरकरी धावपट्टीच्या कडेला उभा राहून कोणत्या जोडीचा कोणता बैल आज दबून पळतोय ते घडी लागायच्या आधी सांगतो.

आपल्या गावात डाउनहिलची सायकल कोणाकडे नसेल, पण धक्के खाणारी माणसं घरोघरी आहेत. ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला बहुधा शॉकअप नसतोच. जे काही आहे ते टायरातली हवा आणि सीटखालची स्प्रिंग. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला पाचेक वेळा होणाऱ्या खालीवर हालचालीला सगळ्यात जास्त साथ देतो, आणि नांगरटीच्या वावरात ट्रॅक्टरचे हेलकावे याच्या आसपासच असतात. स्वार उभा राहून गुडघ्यांवर धक्का घेऊ शकतो, ट्रॅक्टरवाल्याला ती सोय नाही. हंगामात रोज दहा तास हे चाललं की चाळिशीत कंबर धरते, त्यात नवल नाही.

डाउनहिलवाला नवी सायकल हाती आली की आधी शॉकअप आपल्या वजनाला जुळवतो: सायकलवर बसल्यावर तो एक चतुर्थांश ते एक तृतीयांश दबला पाहिजे. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या सीटखालीही वजनाप्रमाणे स्प्रिंग घट्ट-सैल करायची मूठ किंवा दांडा असतो. घरात धाकटा भाऊ 55 किलोचा, गडी 85 चा, आणि मूठ कंपनीतून आली तशीच. चालवणारा बसल्यावर सीट तिच्या वरखाली जाण्याच्या मध्यावर राहील एवढी ती फिरवायची. फार घट्ट असेल तर धक्का थेट कण्यात जातो, फार सैल असेल तर सीट खाली ठोकर घेते आणि तो धक्का आणखी वाईट. मूठ गंजून बसली असेल, आणि ती बसलेलीच असते, तर रात्री थोडं डिझेल सोडून ठेवा. सकाळी फिरते.