तीनदा विकलेलं डांगर आणि त्यामागचा इतिहास

नवापूर-चिंचपाडा भागात पीक घरात आलं की चर्चमधे कापणीचा सण असतो. कुणी भाताची टोपली आणतं, कुणी तूर, कुणी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की बोली लागते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एकच डांगर (लाल भोपळा) तीनदा विकलं गेलं, घेणारा पैसे मोजायचा आणि डांगर उचलून परत टेबलावर ठेवायचा, मला वाटलं हिशोबात काहीतरी गडबड झालीये. शेजारी बसलेले काका हसले, म्हणे अरे भो, देवाला दिलेलं घरी कसं न्यायचं?

तर हे येतं कुठून ते बघू. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिली मंडळी (म्हणजे पहिले ख्रिस्ती लोक) सगळं समाईक ठेवत होती असं आहे, बर्णबा नावाच्या माणसाने शेत विकून पैसे आणून ठेवले वगैरे. पण मला त्याहून भारी वाटते ती प्रेषित पौलाची वर्गणी. साधारण इ.स. ५५ च्या आसपास तो यरुशलेममधल्या गरिबांसाठी पैसे गोळा करत होता आणि ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या लोकांना उदाहरण कुणाचं देतो तर उत्तरेकडच्या मासेदोनियाच्या मंडळ्यांचं, ज्या स्वतःच दारिद्र्यात होत्या. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी छोट्या नाण्यांची, गोष्ट पण तीच. म्हणजे देणारा श्रीमंतच पाहिजे ही अटच नाही मुळात.

मग चौथ्या शतकात कैसरियाचा (आताच्या तुर्कस्तानात) बासिल, पुढे तिथला बिशप झालेला. ३६९ च्या सुमारास तिथे दुष्काळ पडला, व्यापारी धान्य दाबून बसले. याने आपली वडिलोपार्जित मालमत्ता मोडली, अन्नछत्र काढलं, पुढे गावाबाहेर दवाखाना आणि कुष्ठरोग्यांसाठी जागा उभी केली. त्याचं म्हणणं सरळ होतं, तुझ्या पेटीतला जादाचा अंगरखा तुझा नाहीच, ज्याच्या अंगावर काही नाही त्याचा आहे. म्हणजे उपकार नाही, देणं फेडणं!

साधेपणा आणि दान एकाच वहीत मांडलं ते मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने, अठराव्या शतकात इंग्लंडमधे. ऑक्सफर्डला असताना वर्षाला ३० पौंड मिळायचे, २८ मधे भागवलं, २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले तरी खर्च २८च, ३२ दिले. मग ९० मिळाले, ६२ दिले, मग १२० मिळाले, ९२ दिले. पगारवाढ झाली की आधी ईएमआय वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून जरा अवघडच वाटतं.

आता आपल्याकडे. खानदेशात १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि त्यातून सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा, ज्याला जुने लोक संवत १९५६ वरून छपन्नाचा दुष्काळ म्हणतात. भुसावळकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनचे लोक होते, त्यांनी शेजारच्या वऱ्हाडात अकोल्याला मुलांचं आणि खामगावला मुलींचं अनाथालय चालवलं. १९०० मधेच न्यूयॉर्कहून क्विटो नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं, एका ख्रिस्ती साप्ताहिकाने वाचकांकडून गोळा केलेली मदत होती ती. पुढे पश्चिम खानदेशात नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. ते फ्रेडरिक फ्रान्सन नावाच्या स्वीडिश माणसाने १८९० मधे शिकागोत काढलेलं आणि मागे पैसा कुणाचा, तर अमेरिकेत पोटासाठी गेलेल्या स्वीडिश-नॉर्वेजियन लोकांच्या छोट्या मंडळ्यांचा. चिंचपाड्याचा दवाखाना त्याच मिशनचा, चाळीसच्या दशकातला.

पण सगळं गोडगोड नव्हतं. मिशनरी घरदार सोडून आले हे खरं, तापाने मेले हेही खरं, तरी बंगला, व्हरांडा, आचारी, घोडागाडी हे सगळं कुडाच्या घरात राहणाऱ्या भिल्ल-मावची लोकांना दिसतच होतं ना! वर गावात टोमणा ठरलेला, पोटासाठी बाटले. आणि घेणाऱ्याला कायम घेणाराच ठेवलं की त्याचं काय होतं हा प्रश्न बाहेरच्यांनी नाही, मराठी ख्रिस्ती माणसांनीच विचारला. कवी नारायण वामन टिळकांना मिशनच्या पगारावर जगणारी मंडळी खटकायची, १९१७ मधे त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार नावाचा संघ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळे त्यात. दोनच वर्षांनी, १९१९ ला ते गेले. ते राहिले असते तर काय झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

दुसरा माणूस जे. सी. कुमारप्पा. तंजावरकडचा ख्रिस्ती, लंडनला हिशोबतपासणी शिकलेला, मुंबईत ऑडिटचा धंदा, सुटाबुटातला. गांधींना भेटला आणि खादीवर आला, मग वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम. आमच्या फैजपूरला १९३६ मधे काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं ते याच ग्रामोद्योगाच्या दिवसांत. येशूची शिकवण म्हणजे खेड्यातल्या माणसाच्या पोटापाण्याचा प्रश्न असं तो मांडायचा, नुसता रविवारचा विषय नाही.

आता परत डांगराकडे. या भागात महिन्याचा पगार असणारे कमी, म्हणून दशांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) पण धान्यातच यायचा, पैसा नसला तरी तूर असते. बोलीत पहिली हाक देणारी बाई मजुरीला जाणारी होती, वीस रुपये म्हणाली आणि मागच्या बाकावरच्या मास्तरांना ते पुढे न्यावंच लागलं. मासेदोनिया आणि करिंथ एकाच हॉलमधे!

तिसऱ्यांदा विकलं गेल्यावर कुणीतरी सुरी आणली. दुपारी पंगतीत त्याच डांगराची भाजी होती, तिखट जरा जास्तच.