विद्यार्थी नेतृत्व शिबिर

विद्यार्थी नेतृत्व शिबिर : शाळकरी मुलामुलींना काही दिवस घरापासून दूर, लहान लहान गटांत ठेवून त्या गटाचा कारभार त्यांच्याच हाती देणारे निवासी प्रशिक्षण. साधारणपणे पाचवी ते बारावीच्या वयातली मुले त्यात असतात आणि मुक्काम दोन-तीन दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत चालतो. ‘शिबिर’ हा शब्द मुळात सैन्याच्या तळाचा. राहुटी, पहारा, शिट्टी, रांग हा सगळा सरंजाम तिथूनच आला. आज शहरी सभागृहात खुर्च्या मांडून चाललेल्या तीन तासांच्या व्याख्यानालाही ‘नेतृत्व शिबिर’ म्हणतात. या नोंदीत तो अर्थ धरलेला नाही. जिथे मुलाला रात्री स्वतःचे अंथरूण स्वतः घालावे लागत नाही, त्याला शिबिर म्हणणे कठीणच.

आधुनिक शिबिराचा उगम बहुतेक जण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर धरतात. रॉबर्ट बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याने ऑगस्ट १९०७ मध्ये तिथे सुमारे वीस मुले आठवडाभर नेली. त्यांतली काही ईटन-हॅरोसारख्या धनिकांच्या शाळांतली होती, तर काही पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या सामान्य घरांतली. एकाच तंबूत या दोन थरांची मुले झोपवणे हे त्या काळच्या इंग्लंडात धाडसच होते. मुलांचे चार संघ पाडले, त्यांना पशुपक्ष्यांची नावे दिली आणि प्रत्येक संघावर थोडा मोठा मुलगा नायक नेमला. याच प्रयोगातून स्काउट चळवळ निघाली आणि पुढच्या सगळ्या शिबिरांचे बीज या शेवटच्या गोष्टीत आहे. सूचना वीस मुलांना नव्हे, चार नायकांना द्यायची. चूल पेटली नाही तर त्याचा जाब नायकाला विचारायचा आणि ती पेटवायची कशी हे त्याने संघाबरोबर शोधायचे. बेडन-पॉवेल यांना हे सुचले त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगच्या वेढ्याचा (१८९९–१९००) अनुभव कारण होता. वेढ्यात अडकलेल्या गावात निरोप पोचवण्याची कामे शाळकरी पोरांनी चोख केली होती. मुलींना कुणी बोलावले नव्हते; १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काउट मेळाव्याला त्या स्वतःच गणवेश करून हजर झाल्या आणि दुसऱ्या वर्षी मुलींची गाइड चळवळ उभी राहिली.

भारतात स्काउट पथके १९०९ पासून निघाली, पण ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. भारतीय मुलांसाठी ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी उत्तरेत स्वतंत्र संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर या वेगवेगळ्या चुली एक होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी गाइड संघटनाही त्यात आली. यातले कुंझरू हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. राष्ट्रीय छात्रसेना (एनसीसी) कशी असावी हे ठरवण्यासाठी १९४६ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच. म्हणजे स्काउटचा स्कार्फ आणि छात्रसैनिकाची बेरेट टोपी, दोन्हींमागे एकच मवाळ, नेमस्त गृहस्थ उभा आहे. लष्कराशी त्यांचा पेशाने काही संबंध नव्हता.

महाराष्ट्रातल्या शाळांत स्काउट-गाइड शिबिर म्हटले की पुढचे चित्र ठरलेले. सहा-आठ जणांचा संघ, संघनायक, उपसंघनायक. काठ्या आणि दोऱ्या यांतून चपलांचा स्टँड, भांड्यांचे फडताळ, प्रवेशद्वार उभे करायचे. त्यासाठी आठवडाभर आधीपासून गाठींचा सराव. मग बिनभांड्याचा स्वयंपाक : निखाऱ्यावर भाजलेली वांगी-बटाटे, पानात गुंडाळून भाजलेली कणीक, कांद्याच्या वाटीत फोडलेले अंडे. संध्याकाळी शेकोटी. संघनायकाची परीक्षा स्वयंपाकातच होते. लाकडे ओली निघतात, एक जण रुसून बसतो, एकाला घरची आठवण येऊन रडू कोसळते आणि तपासणीला यायची वेळ झालेली असते. कब-बुलबुल या लहान मुलामुलींच्या गटांपासून सुरू होणारी ही वाट प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान अशा पायऱ्या चढत राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाते. ‘खरी कमाई’ हा उपक्रमही याच परंपरेतला. मुलांनी छोटी कामे करून किंवा भेळ-सरबताचे स्टॉल लावून स्वतः पैसे मिळवायचे आणि हिशेब द्यायचा. सामान बहुतेक घरून आईच आणून देते, ही त्यातली उघड गुपिते.

जागतिक गाइड संघटनेची जी मोजकी जागतिक केंद्रे आहेत, त्यांतले एक पुण्यात आहे. ‘संगम’ नावाचे हे केंद्र १९६६ मध्ये सुरू झाले. देशोदेशींच्या मुली तिथे येऊन राहतात, काम करतात. पुण्यातल्याच पुष्कळांना त्याचा पत्ता नसतो.

छात्रसेनेचे शिबिर वेगळ्या जातीचे. एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी छात्रसेना उभी राहिली. मुलींचा विभाग १९४९ मध्ये आला. शाळेतल्या कनिष्ठ विभागाचे प्रशिक्षण दोन वर्षांचे असते आणि अखेरीस ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा. वार्षिक शिबिर साधारण दहा दिवसांचे. पहाटे शिट्टी, फॉल-इन, पीटी, ड्रिल, पॉइंट टू टू रायफलने गोळीबार, नकाशावाचन, दुपारी लंगरपुढे (सामुदायिक स्वयंपाकघरापुढे) ताट-मग घेऊन रांग, रात्री पाळीचा पहारा. चूक झाली तर ‘रगडा’, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा. हा शब्द छात्रसैनिकाला भेळवाल्याकडे नव्हे, मैदानावर भेटतो. इथे नेतृत्व म्हणजे हुद्दा : लान्सकॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट. आवाज पोटातून काढायला, चाळीस जणांसमोर ताठ उभे राहायला, आपल्याच वर्गमित्राला हुकूम द्यायला इथे शिकवतात. दिल्लीत जानेवारीत भरणारे प्रजासत्ताक दिन शिबिर हे या वाटेवरचे शिखर. देशभरातून अलीकडे दोन हजारांहून अधिक छात्र त्यासाठी निवडले जातात, महिनाभर राहतात आणि अखेरीस पंतप्रधानांसमोर संचलन होते. छात्रसेनेच्या महाराष्ट्र संचालनालयाने (राज्य विभागाने) तिथला सर्वोत्तम संचालनालयाचा पंतप्रधान ध्वज अनेकदा पटकावला आहे. गोव्याचे छात्र मात्र कर्नाटकाबरोबर एका संचालनालयात येतात. चीन युद्धानंतर १९६३ साली छात्रसेना महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि पाच वर्षांत ती सक्ती उठवावी लागली.

तिसरी परंपरा अस्सल मराठी मातीतली. राष्ट्र सेवा दलाची स्थापना ४ जून १९४१ रोजी पुण्यात झाली. साने गुरुजी, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये ही त्यामागची माणसे. शाखा, मैदान, झेंडावंदन ही रचना त्या काळी महाराष्ट्रात रुळलेलीच होती. नागपुरात १९२५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने ती गावोगाव नेली होती. सेवा दलाने तोच साचा घेऊन आशय समाजवादी ठेवला आणि एक मोठा बदल केला : मुले आणि मुली एकाच शाखेत, एकाच शिबिरात. चाळीसच्या दशकातल्या मध्यमवर्गीय घरांत यावर किती कुजबुज झाली असेल, याची कल्पना करता येते. शिबिरात सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, मग गटचर्चा आणि रात्री समूहगीते. चर्चेत कुणीही उठून वक्त्याला अडवू शकतो, हे तिथले वैशिष्ट्य. सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आलेल्या कलावंतांत निळू फुले हे सर्वांना ठाऊक असलेले नाव; व्यासपीठावर उभे राहून भीड चेपणे तिथे आपोआप घडले. साने गुरुजींच्या आंतरभारती कल्पनेतून प्रांताप्रांतांतली मुले एकमेकांकडे राहायला जाण्याचे उपक्रमही निघाले. माणगाव तालुक्यात वडघर इथल्या साने गुरुजी राष्ट्रीय स्मारकावर आजही विद्यार्थ्यांची शिबिरे भरतात. ज्ञान प्रबोधिनीने (पुणे, १९६२) आप्पा पेंडसे यांच्या प्रेरणेने बुद्धिमान मुलांना नेतृत्वासाठी घडवण्याचा निराळा प्रयोग केला. नेतृत्वासाठी आधी बुद्धिमापन चाचणी घ्यावी का, हा वाद त्यातून निघतो.

यांतली कुठली पद्धत बरी, याचे उत्तर देऊ पाहणारा एक जुना प्रयोग आहे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासह १९३० च्या दशकाच्या अखेरीस आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे छंदगट केले. काही गटांवर हुकूम सोडणारा प्रौढ, काहींवर मुलांना विचारून ठरवणारा, काहींवर नुसता बसून राहणारा. हुकमी प्रौढ खोलीत असेपर्यंत त्याच्या गटाचे काम भरपूर होई. खरी गंमत तो बाहेर गेल्यावर. हुकमी गटाचे काम झपाट्याने गळाठे. विचारून चालणाऱ्या गटात फारसा फरक पडत नसे. शिबिराची परीक्षा घ्यायची तर सांगता समारंभाला जाऊ नये; शिबिरप्रमुख गावात किराणा आणायला गेलेला असताना जावे. गटांच्या चुरशीचा धोकाही असाच तपासला गेला. मुझफ्फर शेरिफ यांनी १९५४ साली ओक्लाहोमात रॉबर्स केव्ह इथे बावीस मुलांचे शिबिर भरवून दोन गट पाडले. सामन्यांची बक्षिसे लागताच गोष्ट झेंडे जाळण्यापर्यंत गेली. एकत्र जेवण, एकत्र सिनेमा यांनी काही जमले नाही. पिण्याच्या पाण्याची टाकी बंद पडली तेव्हा मात्र दोन्ही गट एकत्र वाकले. ‘उत्कृष्ट संघ’ चषकाच्या मागे लागलेल्या आपल्याकडच्या शिबिरप्रमुखांनी ही टाकी ध्यानात ठेवावी.

शिबिराबाहेरही संधी आहेत. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत शालेय मंत्रिमंडळ निवडले जाते : अर्ज, चिन्ह, प्रचार, मतपत्रिका, शाई लावलेले बोट आणि मग मुख्यमंत्र्यापासून स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्र्यापर्यंत खाती. काही ठिकाणी हे मंत्रिमंडळ परिपाठ चालवते, पोषण आहाराच्या पंगतीवर लक्ष ठेवते. काही ठिकाणी शपथविधीचा फोटो निघाला की संपले. केंद्रीय संसदीय कार्य मंत्रालयाची युवा संसद स्पर्धा १९६० च्या दशकात दिल्लीच्या शाळांत सुरू झाली आणि पुढे केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये यांत पसरली. अमेरिकेत ‘बॉइज स्टेट’ १९३५ पासून भरते. शाळकरी मुले आठवडाभर एक खोटे राज्य चालवतात, पक्ष काढतात, निवडणुका लढवतात. याच उपक्रमाच्या राष्ट्रीय मेळाव्यातून जुलै १९६३ मध्ये व्हाइट हाउसवर गेलेल्या सोळा वर्षांच्या बिल क्लिंटन यांनी अध्यक्ष केनेडी यांच्याशी हस्तांदोलन केले. ते छायाचित्र पुढे त्यांच्या निवडणुकीत फार कामी आले.

संधी सर्वांना सारखी नाही. छात्रसेनेचे पथक प्रत्येक शाळेत नसते आणि जिथे असते तिथे जागांपेक्षा इच्छुक जास्त. स्काउट-गाइड पथक चालते ते एखाद्या शिक्षकाच्या हौसेवर. त्याची बदली झाली की तंबू कोठीत जातात. मे महिन्यातली खासगी व्यक्तिमत्त्व विकास शिबिरे पैसेवाल्यांची, तिथे घोडेस्वारी, नेमबाजी आणि पिझ्झा एकाच पाकिटात मिळतो. मुलींना रात्रीच्या मुक्कामाला पाठवायला घरचे कचरतात आणि सोबत शिक्षिका आहे का, हा पहिला प्रश्न असतो. तो रास्तही आहे. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर निवासी उपक्रमांतली प्रौढांची जबाबदारी कायद्यानेच स्पष्ट झाली आहे. महाराष्ट्रात छात्रसेना आणि स्काउट-गाइडमधल्या कामगिरीला दहावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. त्यामुळे पालकांचा विरोध थोडा मावळला, पण प्रमाणपत्रापुरते येणारेही वाढले. नववीत ज्याला संघनायक केले, त्याला जूनमध्ये दहावीच्या शिकवणीचे वेळापत्रक मिळते आणि शिट्टी आठवीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात जाते.