फ्लू हिवाळ्याचा आजार? आपल्याकडे तरी नाही

‘फ्लू थंडीत येतो, लस दिवाळीनंतर घेऊ,’ हे मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी जीव कळवळतो. युरोप-अमेरिकेत ते खरं आहे. तिथल्या कोरड्या, गार हवेत विषाणू जास्त वेळ तग धरतो. श्रीनगरलाही साथ हिवाळ्यातच येते. महाराष्ट्रात मात्र मोठी लाट जुलै ते सप्टेंबरात, भर पावसाळ्यात येते. जानेवारी ते मार्चमध्ये बहुधा आणखी एक, लहानशी. आठवा, २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुणं कसं हादरलं होतं!

मग पावसात भिजल्याने फ्लू होतो का? नाही. विषाणू माणसाकडूनच येतो. पण मुसळधार पावसात एसटीच्या काचा बंद, ओले रेनकोट एकमेकांना चिकटलेले आणि मागच्या सीटवर कुणीतरी सारखं खोकतंय, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. कोंदट हवेत तेच तुषार सगळ्यांच्या श्वासात जातात. दमट हवेचा विषाणूवर नेमका परिणाम हा मात्र गुंतागुंतीचा विषय आहे.

म्हणून घरात साठीपुढचं कुणी, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना लशीबद्दल एप्रिल-मेमध्येच विचारा. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.