खोक्यावरचा ५.१ आणि रिसीव्हरमधला ५.१

पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन ‘होम थिएटर दाखवा’ म्हटलं की समोर एक भलामोठा वूफर आणि पाच छोटे स्पीकर येतात. किंमत साधारण पाच ते दहा हजार. ‘एव्ही रिसीव्हर’, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरना वाटून देणारा अँप्लिफायर, मागितला तर मिळतो सात-आठ किलोंचा एक काळा डबा. सोबत स्पीकर एकही नाही, आणि किंमत तिप्पट-चौपट. दोन्ही खोक्यांवर ५.१ छापलेलं असतं. मग माणूस पहिलं खोकं उचलणार नाही तर काय! मीही तेच केलं होतं.

सगळा घोळ त्या आकड्यात आहे. स्वस्त सेटवर ५.१ म्हणजे स्पीकरची मोजणी: पाच लहान, एक वूफर. रिसीव्हरवर ती चॅनलची मोजणी असते. सिनेमाच्या ध्वनिपट्टीत वेगवेगळे ठेवलेले सहा आवाज: समोर डावा, मधला, उजवा, मागचे दोन, आणि तो ‘पॉइंट वन’ म्हणजे साधारण १२० हर्ट्झच्या खालची घरघर आणि धडामधूम. याला पूर्ण चॅनल म्हणत नाहीत, म्हणून त्याच्या वाट्याला दशांश.

माझ्या सेटची परीक्षा एका रविवारी झाली. यूट्यूबवर चॅनल तपासायच्या क्लिप असतात, त्यात एक बाई ‘फ्रंट लेफ्ट’, ‘सेंटर’, ‘रिअर राइट’ असं एकेक नाव घेते. फोन ब्लूटूथने जोडला आणि सोफ्यामागच्या स्पीकरला कान लावून बसलो. बाई ‘फ्रंट लेफ्ट’ म्हणाली ती माझ्या कानात. ‘सेंटर’ म्हणाली तीही माझ्याच कानात. मागचा स्पीकर पुढच्याची नक्कल करत होता, बस.

दोष सेटचाही नव्हता म्हणा. ब्लूटूथने गाणी येतात ती दोनच चॅनलमध्ये. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातूनही दोनच. सेटला दोन मिळाले की तो तेच सहा तोंडांनी बोलतो. काही सेटच्या मागे सहा आरसीए सॉकेट (लाल-पांढऱ्या पिनांची गोल भोकं) असतात, पण त्यांना सहा वायरी देणारं काहीतरी घरात हवं. जुन्या काही डीव्हीडी प्लेअरना तशी सोय असायची, आजच्या टीव्हीला नसते.

रिसीव्हरचं मुख्य काम इथे सुरू होतं. टीव्हीतून एचडीएमआयच्या एआरसी सॉकेटमधून (एआरसी म्हणजे त्याच वायरीने टीव्हीचा आवाज बाहेर पाठवायची सोय), किंवा ऑप्टिकल वायरीने, डॉल्बीचं गाठोडं, म्हणजे सहाही चॅनल एकत्र दाबून भरलेला डिजिटल सिग्नल, बांधलेलंच येतं. रिसीव्हर ते सोडतो, सहा आवाज वेगळे करतो आणि पाच स्पीकरना पाच स्वतंत्र अँप्लिफायरमधून पाठवतो. बऱ्याच रिसीव्हरसोबत एक छोटा माइकही येतो. तो बसायच्या जागी ठेवला की रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी मोजून जुळवून घेतो. आपल्या हॉलमध्ये मागचा डावा स्पीकर दाराला अडतो आणि उजवा खिडकीवर जातो, तेव्हा या माइकची किंमत कळते.

मला स्वतःला सर्वांत मोठा फरक संवादांत जाणवला. सिनेमातली बोलणी बहुतेक मधल्या चॅनलमध्ये असतात. रिसीव्हरवर तेवढाच स्पीकर दोन-तीन डेसिबल चढवता येतो. नाहीतर रात्री अकरा वाजता कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवायचा, आणि पुढच्या क्षणी गाडी उडाली की रिमोटकडे झेप.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा, लिहिलेलं असेल तर ते वाचूच नका. पण नावाजलेल्या कंपन्यांचे आकडेही अटींसकट वाचावेत. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ हा साधा ५.१ रिसीव्हर घ्या. ६ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) दोन चॅनल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ पूर्ण पट्टा, आवाजातली विकृती ०.०९ टक्के: ७० वॅट. एकच चॅनल, नुसता १ किलोहर्ट्झचा सूर, ०.९ टक्के विकृती: १०० वॅट. विकृती १० टक्क्यांपर्यंत जाऊ दिली की १३५. यंत्र तेच! वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, त्यामुळे घरच्या हॉलला ७० भरपूर झाले.

गणपतीत आरत्या लावायच्या आणि एरवी फोनवरची गाणी, एवढंच काम असेल तर पाच हजारांचा सेट झकास आहे. सिनेमा बघायचा आहे पण रिसीव्हरचं बजेट नाही, तर एआरसी किंवा ऑप्टिकल असलेला, आत डॉल्बी डिजिटल सोडवणारा सेट बघा. सोनीचा एचटी-एस२०आर त्या जातीतला. त्यात सहा चॅनल खरे मिळतात, फक्त पुढे वाढवायला वाव नाही. रिसीव्हरला तो वाव असतो. आज दोन चांगले स्पीकर, दिवाळीला सेंटर, पुढच्या वर्षी बाकीचे.

जुना रिसीव्हर ४के चित्र पुढे पाठवत नाही म्हणून स्वस्तात विकायला निघालेला दिसला तर लगेच नाक मुरडू नका. सगळी यंत्रं थेट टीव्हीला जोडायची आणि रिसीव्हरला फक्त आवाज द्यायचा, की झालं. मात्र जुन्या सेटचे स्पीकर त्याला लावायचा मोह आवरा. त्यातले बरेच ३-४ ओहमचे असतात, आणि रिसीव्हरला ६ ते ८ ओहमची सवय. कमी ओहमच्या स्पीकरला जास्त वीज पुरवताना तो तापतो आणि मध्येच बंद पडतो. वूफरही स्वतःचा अँप्लिफायर असलेलाच लागतो, कारण रिसीव्हरच्या सबवूफर सॉकेटमधून ताकद येत नाही, फक्त सिग्नल येतो.

रिसीव्हर आणल्यावर मी तीच क्लिप पुन्हा लावली, या वेळी पेन ड्राइव्हवरून थेट टीव्हीत, आणि मागचे स्पीकर गप्प. अर्धा तास वायरी उलटसुलट केल्या. शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल ऑडिओ आउट’ पीसीएमवर सापडलं, म्हणजे टीव्ही आधीच सहाचे दोन करून पाठवत होता. ते ‘ऑटो’वर टाकलं, आणि बाई ‘रिअर लेफ्ट’ म्हणाली ती फक्त दाराजवळून.